अकरा नंबरच्या खाटेचा तक्ता

आमच्या चाळीत प्रत्येक मजल्याच्या टोकाला चार संडास होते. प्रत्येकाला कुलूप होते आणि एकेका कुलपाच्या किल्ल्या तीन-चार बिऱ्हाडांकडे असत. किल्लीला लाकडाचा तुकडा बांधायचा आणि ती दाराच्या आतल्या खिळ्याला टांगायची, असा रिवाज होता. आमच्या तुकड्यावर दादाने निळा रंग लावला होता. पंचवीस वर्षे मी ती किल्ली विचार न करता उचलत आलो. सव्विसाव्या वर्षी त्या खिळ्यावर किल्ली आहे की नाही, हा माझ्या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न झाला.

चाळ घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. मी एका मराठी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, आजही आहे. घरात आई, दादा आणि मी. आईने आल्यागेल्याला माझी नोकरी सांगताना 'पेपरात आहे' एवढेच सांगावे, आणि ऐकणाऱ्याने मी पेपर टाकतो असे समजावे, हे नेहमीचे होते.

या आजाराची माहिती देणारी पुस्तके डॉक्टरांकडे आहेत. ही नोंद ज्यांना तो झाला आहे आणि जे कुणाला सांगत नाहीत, त्यांच्यासाठी आहे. मीही सांगत नव्हतो.

आव

सुरुवात रक्ताने झाली. पहिल्या दिवशी थोडे, आठवड्याभरात रोज. नाक्यावरच्या डॉक्टरांनी मुंबईत पोट बिघडलेल्या प्रत्येकाला जे सांगितले जाते तेच सांगितले : आव आहे, बाहेरचे पाणी पिऊ नका. पिवळ्या गोळ्यांचा कोर्स झाला. चार दिवस बरे वाटले. मग दुसरा कोर्स, मग तिसरा. आईने डाळिंबाची साल ताकात उगाळून दिली. बेलाचा मुरंबा बरणीभर आणला. आठ महिन्यांत माझे वजन अकरा किलोंनी उतरले आणि घर ते कचेरी या वाटेवरचे सगळे संडास मला तोंडपाठ झाले. कुर्ल्याचा सकाळी नऊपर्यंत बरा असतो, ही माहिती कोणत्याही बातमीत बसत नाही, पण मला ती रोज लागत होती.

एका रविवारी किल्ली घेऊन धावत गेलो तर आमचा संडास भरलेला होता. मी दार ठोठावले. आतून शेजारचे गृहस्थ म्हणाले, "थांब की जरा. पाच मिनिटं कळ नाही काढता येत?"

नाही येत. पुढचे लिहीत नाही.

मी नळावर लेंगा धूत असताना मागून आवाज आला, "आज कितव्यांदा रे?"

परबकाकी होत्या. त्यांची खोली मजल्यावरची शेवटची, संडासांना लागून. ती खोली कुणालाच नको असे, म्हणून त्यांना स्वस्तात मिळाली होती. परबकाका गिरणीत होते. संप मोडून तीन-चार वर्षे झाली तरी त्यांना परत कुणी बोलावले नव्हते, आणि घर काकींच्या पगारावर चालत होते. काकी पालिकेच्या रुग्णालयात आया होत्या. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात बेडपॅन देणे, उचलणे, धुणे हे त्यांचे बारा वर्षांचे काम.

मी म्हणालो, "दुसऱ्यांदा."

"माका सुट्टी आसा आज. भिंतीपलीकडे बसान मोजलंय. धा वेळा." त्यांनी माझ्या हातातला लेंगा घेतला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. कुणी कागदावरची तारीख पाहावी तसा. "ही आव न्हय. आवेचो वास येगळो, रंग येगळो. उद्या सात वाजता तयार रव. आमच्या मॅडमकडे नेतंय तुका."

आठ महिन्यांत माझ्या आजाराकडे नीट पाहणारे हे पहिले माणूस.

नाव

मॅडम म्हणजे डॉ. नाडकर्णी, पस्तिशीच्या, आवाज बारीक. त्यांनी मला कुशीवर वळवून एक धातूची नळी घालून तपासले. त्या दहा मिनिटांबद्दल एवढेच सांगतो की ती दहाच मिनिटे असतात. काकी माझ्या डोक्याशी उभ्या होत्या. "भिंतीवर पाल बघ," त्या म्हणाल्या. पाल नव्हती. ती शोधण्यात अर्धा वेळ गेला.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले : अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. मी नेहमीचा प्रश्न विचारला, कशामुळे?

"माहीत नाही."

"पाण्यामुळे? रात्रपाळीमुळे?"

"माहीत नाही. कुणालाच नाही अजून."

"बरा होतो?"

"दबतो. पुन्हा उठतो. गोळ्या नीट घेतल्यात तर बरीच वर्षं दबून राहू शकतो."

पेशाने मी रोज लोकांची वक्तव्ये वाचतो. ज्याला माहीत नाही तो माणूस सहसा तीन परिच्छेद बोलतो. डॉ. नाडकर्णींनी तीन शब्दही वापरले नाहीत. मला त्या दिवशी घाबरायला हवे होते. पण आठ महिन्यांनंतर शत्रूला नाव मिळाले होते आणि ते देणारी व्यक्ती खरे बोलत होती, त्यामुळे जिना उतरल्यावर मी काकींना चहा पाजला.

त्याच संध्याकाळी काकी त्यांच्या संडासाची किल्ली वापरणाऱ्या तीन बिऱ्हाडांत जाऊन आल्या. काय बोलल्या ते मला कळले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती किल्ली त्यांच्या दाराबाहेरच्या खिळ्याला टांगलेली असे आणि तो संडास शक्यतो मोकळा ठेवला जाई. पाच मिनिटे कळ काढायला सांगणारे गृहस्थ मला पाहून बादली घेऊन बाजूला होऊ लागले. कुणी विषय काढला नाही. चाळीत न बोलण्याला फार किंमत पडते आणि त्या मजल्याने ती दिली.

तब्येत

इथे मी केलेली पहिली चूक सांगितली पाहिजे, कारण ती अनेक जण करतात.

डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. महिन्याभरात रक्त थांबले. भूक लागली. आणि चेहरा गोल झाला, पुरीसारखा. गाल वर आले, हनुवटी दिसेनाशी झाली. चाळीला फार आनंद झाला. "आता कसा दिसतोय बघा. अंगावर मूठभर मांस चढलं." आईने दृष्ट काढली. दादाने त्याच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या बहिणीचे स्थळ आणले आणि मुलगी पाहण्याचा दिवस ठरला.

परबकाकी एकट्याच म्हणाल्या, "ही तब्येत न्हय. सूज आसा. गोळये सोडू नको हां."

मी सोडल्या. हळूहळू कमी करायच्या असे डॉक्टरांनी बजावले होते. मी एका दिवसात बंद केल्या. पाहण्याच्या कार्यक्रमात कुणी 'गोळ्या कसल्या घेता' विचारले तर काय सांगायचे, हे एक कारण. दुसरे असे की सगळी चाळ मी बरा झालो म्हणत होती आणि मलाही ते छापायला तयार असलेल्या बातमीसारखे वाटत होते. दुजोरा घेतला नाही.

सोळाव्या दिवशी रक्त परत आले. विसाव्या दिवशी मी मोजणे सोडून दिले. मुलगी पाहायला दादा आणि आई गेले, मी गेलो नाही. चोविसाव्या दिवशी अंगात ताप होता, पोट फुगले होते. काकींनी टॅक्सी आणली.

वॉर्ड

मला अकरा नंबरची खाट मिळाली. डॉ. नाडकर्णी खाटेच्या कडेला बसून म्हणाल्या, "पाच दिवस इंजेक्शनं देणार. पाचव्या दिवशी सकाळी ठरवायचं. जुलाब आणि रक्त कमी झालं तर पुढे औषधं. नाही झालं तर सर्जनना बोलवणार. मोठं आतडं काढावं लागेल आणि पोटावर पिशवी राहील."

"किती दिवस?"

"कायमची."

त्या पाच दिवसांवर सगळे ठरणार होते आणि ते ठरणार होते एका तक्त्यावरून. तक्ता खाटेच्या पायथ्याशी पुठ्ठ्याला लावलेला असे. प्रत्येक वेळी पॅन द्यायचा, आयाने तो पाहायचा आणि तक्त्यावर रेघ मारायची. रक्त असेल तर लाल, नसेल तर निळी. परबकाकी चौथीपर्यंत शिकल्या होत्या, पण रेघेला शिक्षण लागत नाही, असे म्हणून डॉक्टरांनीच ही पद्धत काढली होती. त्यासाठी काकींच्या खिशात एक पेन्सिल असे, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. आमच्या कचेरीत प्रत्येक मेजावर तशी पेन्सिल असते. तिथे ती चुका दुरुस्त करायला वापरतात.

चाळीतल्या काकी वॉर्डात मावशी होत्या. सकाळी सात ते दुपारी दोन त्यांची पाळी. मी त्यांचे काम पाच दिवस पडल्या पडल्या पाहिले आणि इतके अचूक काम मी आमच्या मुद्रितशोधन विभागात पाहिलेले नाही. पॅन आणताना त्या तो गरम पाण्याने धुऊन पुसून आणत, कारण थंड पत्रा लागला की माणूस आक्रसतो. नेताना त्यावर फडके टाकत आणि कधीही नाक मुरडत नसत. खिडकीजवळ नेऊन उजेडात पाहत, मगच रेघ मारत. शंका आली तर सिस्टरांना दाखवत. एकदा सात नंबरच्या आजोबांनी विचारले, "मावशी, रोज काय एवढं बघता त्यात?"

"तुमचो पेपर वाचतंय," काकी म्हणाल्या. "तुमका बातमी हवी काय?"

आजोबा हसून हसून खोकू लागले.

वही

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉ. नाडकर्णी एक लांब वही घेऊन आल्या. "अकरा नंबर, तुम्ही पेपरवाले ना? तुमचं वय आणि पहिलं लक्षण कधी, ते पुन्हा सांगा."

वहीत नावे होती, वये, राहण्याच्या जागा. मुलुंड, नाहूर, भांडुप, विक्रोळी. बँकेतला कारकून, आयटीआयचा फिटर, एक टायपिस्ट. बहुतेक विशी-तिशीतले. वही काही वर्षांपूर्वी सुरू झाली होती आणि जुन्या पानांपेक्षा अलीकडची पाने दाट भरलेली होती. वही सुरू करण्याचे कारण काकी होत्या. त्या एकदा राउंडनंतर म्हणाल्या होत्या, मॅडम, हल्ली असले पॅन तरण्या पोरांचे येतात, पूर्वी नव्हते.

माझ्यातला उपसंपादक खाटेवर उठून बसला. मथळा तयार होता : 'उपनगरांतील तरुणांना नव्या रोगाचा विळखा'.

डॉक्टरांनी ऐकून घेतले. "विळखा काढा," त्या म्हणाल्या. "नवा पण काढा, रोग जुना आहे. आता काय राहिलं?"

"उपनगरांतील तरुणांना."

"तेही मला ठाऊक नाही. ही एका वॉर्डाची वही आहे, शहराची नाही. पूर्वी हे सगळे आव म्हणून घरी जात होते. काहींना टीबीची औषधं चालू व्हायची. आता आपल्याकडे नळी आहे, मावशी आहेत. रोगी वाढले की आपली नजर वाढली, हे या वहीवरून सांगता येत नाही."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"वाढताहेत असं वाटतं. वाटतं म्हणून लिहीत नाही. मोजते." त्यांनी वही मिटली. "आणि माझं मोजणं मावशींच्या रेघांवर उभं आहे. तिथे एक रेघ चुकली तर वही चुकली."

हे त्या सहज बोलल्या. माझ्याकडे पाहूनही नाही. पण मी मान खाली घातली, कारण आदल्या संध्याकाळपासून माझ्या तक्त्यावरच्या रेघा चुकत होत्या आणि त्या मी चुकवत होतो.

कसे चुकवले

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला एक्स-रेला नेले होते. परत येताना सर्जिकल वॉर्डाच्या दाराशी एक माणूस बाकावर बसला होता. चाळिशीचा असेल. सदऱ्याखाली पोटाशी काही बांधलेले होते आणि त्याने ते टॉवेलने झाकले होते. त्याच्याजवळची दोन्ही बाके रिकामी होती. बाकी लोक भिंतीला टेकून उभे होते.

मी खाटेवर आलो आणि ठरवले.

काकींच्या पाळीत काही करता येत नव्हते. पण दोननंतर येणारी बाई नवी होती, तिच्याकडे दोन वॉर्ड होते आणि मी सांगेन तेवढ्या रेघा ती मारत असे. रात्रपाळीची बाईही तसेच करी. मी सलाईनची कळ बंद करी, बाटली हातात धरी आणि जिन्यापलीकडच्या संडासात जाई. पाणी टाकून सगळे वाहून लावी. परत येऊन पडे. पॅन मागे तो फक्त एकदा, दाखवण्यापुरता.

तक्ता सुधारू लागला. दुसऱ्या दिवशी बारा रेघा होत्या, तिसऱ्या दिवशी आठ, चौथ्या दिवशी पाच. डॉ. नाडकर्णी चौथ्या दिवशी तक्त्याकडे पाहून म्हणाल्या, "छान चाललंय." मग त्यांनी पोट दाबले आणि त्यांच्या कपाळावर आठी आली, कारण पोट तक्त्याशी जुळत नव्हते. पण त्यांनी तक्त्यावर विश्वास ठेवला. त्या तक्त्यावर त्यांचा वर्षानुवर्षांचा विश्वास होता आणि मी त्यावर हात मारला होता.

भीतीमुळे केले, असे म्हणता येईल. खरे तर त्या वेळी मी भीत नव्हतो. मला हायसे वाटत होते. आकडा कमी दिसत होता आणि तो आकडा मीच खोटा केला आहे हे माहीत असूनही मला तो पाहून बरे वाटत होते. या आजारात सर्वांत धोकादायक काय, असे कुणी विचारले तर मी हे सांगेन.

चपला

पाचव्या दिवशी सकाळी सातला काकी पाळीवर आल्या. खाटेखाली केरसुणी घालायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"चपला ओल्या कशा?"

"हात धुवायला गेलो होतो."

"हात काय चपलेत घालून धुतंस?"

 त्यांनी केरसुणी टेकवून ठेवली आणि पुठ्ठा काढून हातात घेतला. बोट ठेवून रेघा मोजल्या. आधी सकाळच्या खणातल्या, मग दुपारच्या आणि रात्रीच्या. पुन्हा मोजल्या.

"काल माझ्या पाळीक चार. बाकीच्या दिवसरातीक एक. तुझा पोट माझी ड्युटी बघून चलता काय?"

"काकी, मला पिशवी नको."

"कोणाक व्हयी?"

"मी बघितला तो माणूस. त्याच्याजवळ कुणी बसत नव्हतं."

"मी बसतंय," काकी म्हणाल्या. "रोज जेवणाच्या सुट्टीत. तो नाहूरचो. त्याका दोन पोरी आसत. पुढच्या सोमवारी घरी जातलो." त्या स्टुलावर बसल्या. आवाज वाढवला नाही. सात नंबरचे आजोबा जागे होते. "तू कोणाक फसवतंस? मॅडमक? माका? आमका फसवशीत रे. पण त्या आतड्याक तक्तो वाचूक येणा नाय."

मला वाटले त्या आता उठून सिस्टरांकडे जातील. त्या गेल्या नाहीत. खिशातून लाल-निळी पेन्सिल काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि पुठ्ठा मांडीवर ठेवला.

"मी बघितला नाय, मी रेघ कशी मारू? तू बघितलंस. तू मार."

मी तीन दिवसांच्या रेघा मारल्या. आठवत असलेल्याच मारल्या, एकही अंदाजाने नाही. सगळ्या लाल होत्या. दुसऱ्या दिवसाच्या बारांच्या सोळा झाल्या. चौथ्या दिवसाच्या पाचांच्या चौदा. खणात जागा पुरली नाही म्हणून समासात गेलो, कचेरीत मजकूर वाढला की जातो तसा. काकी शेजारी बसून होत्या. झाल्यावर त्यांनी पेन्सिल परत घेतली, पदराने पुसली आणि खिशात ठेवली. मग पॅन आणायला गेल्या. गरम पाण्याने धुतलेला.

नऊला राउंड आला. डॉ. नाडकर्णींनी तक्ता उचलला.

"या रेघा कुणी मारल्या?"

"मी."

"कधी?"

"आत्ता सकाळी. आधीचा तक्ता खोटा होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग काकींकडे. काकी खिडकी पुसत होत्या. डॉक्टर रागावल्या नाहीत. कदाचित वेळ नव्हता. पोट पुन्हा दाबले, एक्स-रे मागवला आणि साडेदहाला सर्जन माझ्या खाटेशी होते.

सही

दादाला कारखान्यातून बोलावले. तो तेलकट कपड्यांतच आला. सर्जनचे ऐकून घेतल्यावर त्याने कागद हातात घेतला आणि सही करीना.

"कायमची पिशवी म्हणजे... याचं लग्न व्हायचंय हो, डॉक्टर."

"वेळ नाही," सर्जन म्हणाले.

"अजून चार दिवस इंजेक्शनं देऊन बघा ना. कालपर्यंत बरा होता, तक्त्यावर लिहिलं होतं म्हणे."

आई इतका वेळ भिंतीशी बसली होती. ती उठली. "तो कालपर्यंत बरा नव्हता. मी आई आहे, मला दिसत होतं. पण तुम्ही सगळे बरा म्हणत होतात म्हणून मीही म्हणत होते." तिने दादाच्या खिशातले पेन काढून त्याच्या हातात दिले. "आधी जगू दे त्याला. लग्नाचं मग बघू."

दादाने सही केली. नंतर तो बरेच दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मला वाटे तो माझ्यावर रागावला आहे. वर्षाने एकदा म्हणाला, "मी पाच मिनिटं घालवली होती त्या दिवशी." तेव्हा कळले.

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलो तेव्हा उजव्या बाजूला पोटावर एक रबरी पिशवी पट्ट्याने बांधलेली होती. सर्जन दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आतडं हातात धरवत नव्हतं. ओल्या कागदासारखं झालं होतं. ऑपरेशन आज केलं असतं तर नसता वाचलात."

नंतर

पिशवी कशी रिकामी करायची, कातडीला काय लावायचे, पट्टा कुठे काचतो, हे मला काकींनी शिकवले. नाहूरच्या त्या गृहस्थांनीही दोन गोष्टी सांगितल्या. मी त्यांच्या बाकावर बसून ऐकल्या.

चार महिन्यांनी कामावर गेलो. शस्त्रक्रियेला आता दोन वर्षे होत आली. कचेरीत तिघांना माहीत आहे, चाळीत सगळ्यांना. दोन स्थळे आली, दोघांनाही आधीच सांगितले, पुन्हा आली नाहीत. काकींच्या दाराबाहेरची किल्ली अजून तिथेच आहे. मला तिची आता तेवढी घाई नसते. मी म्हटले, काढा आता. त्या म्हणाल्या, "रवांदे. कोणाक लागात."

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी काकी म्हणाल्या, "उद्या तुझी सुट्टी ना? मॅडम बोलावतत."

वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात मुलुंडची एक मुलगी होती. तेवीस वर्षांची, एका कंपनीत टायपिस्ट. आजाराचा तिसरा उठाव. इंजेक्शनांचा पहिला दिवस. डॉ. नाडकर्णींनी काकींना दहा दिवसांसाठी तिथे घेतले होते आणि इंजेक्शनांचे पाच दिवस काकी रात्रीही वॉर्डातच थांबणार होत्या. तिच्या खाटेला तक्ता लावलेला होता आणि तिची नजर त्यावरून हलत नव्हती. ती नजर मला ओळखीची होती.

काकी बाहेर गेल्यावर तिने हळूच विचारले, "तुमचं काढलं ना आतडं?"

"हो."

"खरा आकडा सांगितला म्हणून?"

"हो."

"मग मी कशाला सांगू?"

प्रश्न रास्त होता. मी तिला चपलांची हकीकत सांगितली. समासात मारलेल्या रेघांचीही. ओल्या कागदाची. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे सांगितलं तरी कापतील, नाही सांगितलं तरी मरेन."

"सांगितलं तर काय होईल ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांनाही नाही. म्हणून तर मोजतात."

 थोड्या वेळाने तिने पॅन मागितला. मी बाहेर आलो.

पाचव्या दिवशी सकाळी मी कामावर जाण्याआधी वॉर्डाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. माझे आतडे काढणारे सर्जन राउंडला तिच्या दाराजवळच्या खाटेशी आले होते. त्यांनी पुठ्ठा उचलला. पहिल्या दिवशी अकरा लाल रेघा. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी सात, त्यांतल्या दोन निळ्या. चौथ्या दिवशी तीन. तिन्ही निळ्या.

सर्जननी माझ्याकडे एकदा पाहिले. मग काकींना विचारले, "मावशी, या खऱ्या?"

"माझ्या हातच्या आसत," काकी म्हणाल्या.

त्यांनी पुठ्ठा जागेवर टांगला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.